सिटी बस तोट्यात आहे, पण हा तोटा मोजायचा कसा?

तुमच्या शहरात शेवटची सिटी बस किती वाजता सुटते?

सोलापूर, कोल्हापूर, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरमधल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला हा प्रश्न विचारून बघा. बरेच जण म्हणतील, "माहीत नाही, आम्ही कुठं बसनं जातो?" घरात दुचाकी आली की बसचं वेळापत्रक डोक्यातून जातं. पण सगळ्यांच्या घरी दुचाकी नसते, आणि असली तरी ती एकच असते. ती घेऊन घरातला एक जण कामावर गेला की बाकीच्यांचं काय? कॉलेजला जाणारी मुलगी, धुण्याभांड्याची चार कामं करणारी बाई, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दर महिन्याला औषधं आणायला जाणारे आजोबा यांना बसच्या वेळा पाठ असतात. आणि त्यातली एखादी फेरी बंद झाली की ते त्यांनाच सगळ्यात आधी कळतं.

बाकीच्यांना सिटी बस आठवते ती वर्षातून एकदा. फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेचं बजेट मांडलं जातं आणि ठरलेली बातमी येते, 'परिवहन उपक्रम तोट्यात, महापालिकेवर कोट्यवधींचा बोजा'. मग चर्चा सुरू होते: बस चालवायच्या कशाला? खासगी करून टाका. नाहीतर एसटीकडे द्या.

आता तर छोट्या शहरांमध्ये केंद्राच्या योजनेतून इलेक्ट्रिक बस येत आहेत. म्हणजे पैसा पुन्हा येतोय. त्यामुळे हा प्रश्न आत्ता विचारायला हवा: सिटी बस चांगली चालली की वाईट, हे ठरवायचं कशावरून? आणि तिला पैसे द्यायचे तर ते कोणी आणि कशाच्या बदल्यात?

समजून घेऊया.

तोटा म्हणजे नेमकं काय?

बसचा हिशोब किलोमीटरवर चालतो. एक किलोमीटर बस चालवायला येणारा खर्च आणि त्या किलोमीटरमागे मिळणारं उत्पन्न, हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे. खर्चात चालक-वाहकांचे पगार, डिझेल, सीएनजी किंवा वीज, टायर, दुरुस्ती आणि विमा येतो. जुन्या उपक्रमांमध्ये निवृत्त कर्मचाऱ्यांची देणीही असतात. उत्पन्नात तिकीट, पास आणि थोड्याफार जाहिराती. या दोन्हींतला फरक म्हणजे संचलन तूट.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा किलोमीटरमागे खर्च ६० रुपये आणि उत्पन्न ३५ रुपये आहे. तूट झाली २५ रुपये. बस दिवसाला २०० किलोमीटर धावली, तर एका बसमागे दिवसाला ५,००० रुपयांची तूट.

हा आकडा ऐकला की वाटतं, बस जितकी जास्त धावेल तितका तोटा जास्त. हिशोबापुरतं ते खरंही आहे. पण याच हिशोबानं शहरातला रस्ताही तोट्यात आहे, पथदिवेही तोट्यात आहेत आणि बागाही. फरक इतकाच की पथदिव्याखालून जाणाऱ्याकडून कोणी तिकीट घेत नाही, त्यामुळे तिथं 'तूट' नावाचा रकाना तयार होत नाही. बसमध्ये तिकीट असतं, म्हणून तिचा तोटा लगेच दिसतो.

याचा अर्थ तोट्याकडे दुर्लक्ष करावं असा नाही. महापालिकेचा पैसा मर्यादित असतो आणि बसवर खर्च झालेला रुपया पाण्याच्या पाइपलाइनवर खर्च होत नाही. पण फक्त तोट्याचा आकडा पाहून बस चांगली चालली की वाईट, हे कळत नाही. त्या तोट्याच्या बदल्यात शहराला काय मिळालं, हेही बघावं लागतं.

तोटा कमी करण्याचा सगळ्यात सोपा उपाय

तोटा हाच एकमेव निकष ठेवला तर काय होतं? अधिकाऱ्यांना सांगितलं जातं, तूट कमी करा. तिकीट वाढवलं की आरडाओरड होते. पगार कमी करता येत नाहीत. मग हातात उरतं ते म्हणजे फेऱ्या कमी करणं.

आधी रात्रीची शेवटची फेरी जाते, कारण तिच्यात प्रवासी कमी असतात. मग दुपारच्या फेऱ्या जातात. मग रविवारच्या. मग शहराच्या टोकाला नव्यानं वसलेल्या कॉलन्यांचे मार्ग. शेवटी सकाळी आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी धावणाऱ्या बस तेवढ्या उरतात. कागदावर परिस्थिती सुधारलेली दिसते. किलोमीटरमागचं उत्पन्न वाढतं, एकूण तूट घटते.

पण संध्याकाळची बस गेली की सकाळच्या बसचे प्रवासीही जातात, हे या हिशोबात कुठंच दिसत नाही. माझं कॉलेज अशाच एका मध्यम आकाराच्या शहरात होतं. लायब्ररी रात्री आठपर्यंत उघडी असायची, पण आमच्या बाजूला जाणारी शेवटची बस सव्वासातची होती. सात वाजले की बसनं येणाऱ्या मुली वह्या आवरायला लागायच्या. ज्यांच्याकडे स्कूटी होती त्या आठपर्यंत बसायच्या. दुसऱ्या वर्षी सव्वासातची फेरी बंद झाली. त्यातल्या दोघींच्या घरी हप्त्यावर स्कूटी आली, एकीनं लायब्ररीच सोडली. महापालिकेच्या खात्यात मात्र एक 'तोट्यातली फेरी' कमी झाली.

परतीची खात्री नसेल तर माणूस जातानाही बस धरत नाही. मग सकाळची बसही रिकामी होत जाते, तीही 'तोट्यातली' ठरते, आणि पुढच्या वर्षी तिचा नंबर लागतो. छोट्या शहरांतल्या बससेवा एका दिवसात बंद पडत नाहीत, त्या अशा एकेक फेरीनं आटत जातात.

इथं आणखी एक शब्द समजून घ्यायला हवा, तो म्हणजे भारमान. बसमधल्या एकूण जागांपैकी किती जागा भरल्या, याचं प्रमाण म्हणजे भारमान. एसटीच्या हिशोबात भारमान वाढणं ही चांगली बातमी असते. पण सिटी बसमध्ये उभ्यानं प्रवास करणारेही असतात. भारमान १०० टक्क्यांच्या खूप वर गेलं, तर हिशोबनीस खूश आणि दारात लटकणारा प्रवासी हैराण. एकच आकडा एकाला यश वाटतो आणि दुसऱ्याला त्रास. म्हणून एका आकड्यावर भागत नाही.

मग मोजायचं काय?

याचं उत्तर सरकारकडे आधीपासून आहे. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाचा गाभाच असा होता की नियोजन गाड्यांसाठी नाही, तर माणसांसाठी करायचं. त्यानंतर केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं शहरी वाहतुकीसाठी सेवेची मानकं तयार केली. त्यात शहराला १ ते ४ असे स्तर दिले जातात. १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे अगदीच वाईट.

सार्वजनिक वाहतुकीसाठी त्यातले महत्त्वाचे निकष असे:

- दर हजार लोकसंख्येमागे किती बस? ०.६ किंवा जास्त असतील तर पहिला स्तर. ०.२ पेक्षा कमी असतील तर चौथा.
- बस शहरात किती पसरली आहे? म्हणजे दर चौरस किलोमीटरमागे किती किलोमीटरचे बसमार्ग आहेत. १ किंवा जास्त असेल तर पहिला स्तर, ०.३ पेक्षा कमी असेल तर चौथा.
- प्रवाशाला सरासरी किती वेळ थांबावं लागतं? ४ मिनिटांपर्यंत असेल तर पहिला स्तर. १० मिनिटांपेक्षा जास्त असेल तर चौथा.
- गर्दी किती? बसच्या जागांच्या दीडपटीपर्यंत प्रवासी असतील तर ठीक. अडीचपटीच्या वर गेले तर चौथा स्तर.

पैशाच्या बाजूचेही निकष आहेत. एका बसमागे कर्मचारी किती, तिकिटाशिवाय इतर उत्पन्न किती, खर्च आणि उत्पन्नाचं गुणोत्तर काय, हे सगळं त्यात येतं. म्हणजे तोटा मोजायचा आहेच, पण तो अनेक आकड्यांपैकी एक आहे.

आपली शहरं या फूटपट्टीवर कुठं आहेत?

फक्त पहिला निकष घेऊ, कारण तो कोणालाही घरबसल्या तपासता येतो. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरू.

कोल्हापूरची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. हजारी ०.६ प्रमाणे पहिल्या स्तरासाठी सुमारे ३३० बस लागतील. चौथ्या स्तरातून नुसतं बाहेर पडायचं, तरी ११० बस हव्यात.

सोलापूरची लोकसंख्या ९ लाख ५१ हजार. पहिल्या स्तरासाठी सुमारे ५७० बस हव्यात, चौथ्यातून बाहेर पडायला १९०.

नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार. तिथं जुलै २०२१ मध्ये महापालिकेची 'सिटीलिंक' सेवा सुरू झाली आणि तिच्या ताफ्यात सुमारे २५० बस आल्या. पहिल्या स्तरासाठी जवळपास ८९० लागतील. २५० बस म्हणजे हजारी ०.१७.

छत्रपती संभाजीनगरची लोकसंख्या ११ लाख ७५ हजार. स्मार्ट सिटीच्या पैशातून १०० बस घेण्यात आल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये सेवेचं उद्घाटन झालं. १०० बस म्हणजे हजारी ०.०८५.

लक्षात घ्या, हे भागाकार २०११ च्या लोकसंख्येवर आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोपर्यंत आपण जवळपास १६ वर्षं जुन्या लोकसंख्येनं भागतोय. आजची खरी लोकसंख्या धरली तर हे आकडे आणखी खाली जातील.

पैसे देण्याची जबाबदारी कोणाची?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ कामांची यादी आहे. त्यात रस्ते आहेत, पूल आहेत. सार्वजनिक सुविधांमध्ये पथदिवे, पार्किंग आणि बस थांब्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण बससेवेचा नाही. म्हणजे थांबा बांधणं यादीत आहे, त्या थांब्यावर बस आणणं नाही.

महाराष्ट्राच्या महापालिका अधिनियमात परिवहन उपक्रमासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. पण पाणी आणि कचऱ्यासारखी बस चालवणं ही बंधनकारक जबाबदारी नाही, ते महापालिकेच्या मर्जीवरचं काम आहे. त्यामुळे पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री इथं लागते.

मग पैसा येतो तो वरून, आणि तोही एकदाच. २००९ मध्ये केंद्रानं जेएनएनयूआरएम योजनेतून शहरांना बस खरेदीसाठी पैसे दिले. अनेक शहरांत नव्या कोऱ्या बस आल्या, फोटो झाले. पण त्या रोज चालवायचा खर्च महापालिकांवरच राहिला. दुरुस्तीला पैसे नाहीत, सुटे भाग नाहीत, म्हणून काही वर्षांत कित्येक बस आगारात उभ्या राहिल्या. सोलापुरात तर या योजनेतल्या अनेक बसच्या चेसिसला तडे गेले आणि त्यावरून दीर्घकाळ वाद चालला. त्यानंतर स्मार्ट सिटी मिशन आलं. त्याचीही मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली.

दोन्ही वेळचा धडा एकच आहे. बस विकत घेणं सोपं, चालवणं अवघड. आणि चालवण्यासाठी दरवर्षी ठरलेला पैसा कुठून येणार, याचं उत्तर कोणीच दिलं नव्हतं.

पीएम ई-बस सेवेत वेगळं काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळानं १६ ऑगस्ट २०२३ ला 'पीएम ई-बस सेवा' मंजूर केली. १०,००० इलेक्ट्रिक बस, एकूण अंदाजे खर्च ५७,६१३ कोटी रुपये, त्यात केंद्राचा वाटा २०,००० कोटी. ३ लाखांपेक्षा जास्त लोकसंख्येची शहरं पात्र आणि जिथं संघटित बससेवा नाही त्या शहरांना प्राधान्य.

मोठा बदल असा की केंद्र इथं बस चालवण्यासाठी १० वर्षं मदत देणार आहे. बस खासगी ठेकेदार आणतो आणि चालवतो. शहर त्याला धावलेल्या किलोमीटरनुसार पैसे देतं, आणि त्यातला काही भाग केंद्र उचलतं. १२ मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपयांपर्यंत, ९ मीटरच्या बसला २२ आणि ७ मीटरच्या बसला २० रुपयांपर्यंत. तिकिटाचे पैसे शहराकडे येतात. उरलेली तूट शहरानं किंवा राज्यानं भरायची.

ठेकेदाराचे पैसे थकू नयेत म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ३,४३५ कोटींची वेगळी हमी योजनाही आणली. शहरानं पैसे दिले नाहीत तर त्या निधीतून दिले जातील आणि नंतर वसूल होतील. म्हणजे शहरं बिलं थकवतात, हे केंद्रानंही गृहीत धरलं आहे.

आता पुन्हा एक काल्पनिक हिशोब. १०० बस, ९ मीटरच्या, रोज २०० किलोमीटर. ठेकेदाराचा दर समजा ६० रुपये, केंद्राचे २२ रुपये, तिकिटाचे २५ रुपये. उरले १३ रुपये. वर्षाला शहराच्या वाट्याला सुमारे साडेनऊ कोटी रुपये येतील.

पण मार्ग चुकले, बस वेळेवर आल्या नाहीत आणि तिकिटाचं उत्पन्न २५ ऐवजी १५ रुपयेच झालं तर? तूट २३ रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास १७ कोटी. ठेकेदाराला दोन्ही वेळा तेवढेच पैसे मिळतील आणि केंद्राची मदतही तेवढीच राहील. कारण दोघांचा हिशोब किलोमीटरवर आहे, प्रवाशांवर नाही. फरक पडेल तो फक्त महापालिकेच्या तिजोरीला. मग पुन्हा तोच सोपा उपाय आठवेल: फेऱ्या कमी करा.

आणखी एक विसंगती आहे. या योजनेत ५ ते २० लाख लोकसंख्येच्या शहराला जास्तीत जास्त १०० बस मिळतात. सोलापूरला १००, कोल्हापूरला १००. सोलापूरसाठी १०० म्हणजे हजारी ०.१. केंद्राच्या मंजुरीला केंद्राच्याच मानकांची फूटपट्टी लावली, तर नुसत्या या बसच्या जोरावर शहर चौथ्याच स्तरात राहतं. योजना मदतीपुरती आहे, संपूर्ण ताफा देण्यासाठी नाही, हे मान्य. पण उरलेल्या बस कोण आणणार, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरीकडे काय करतात?

छोट्या शहरांच्या बससेवेची कामगिरी मोजून त्यावर पैसे देण्याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या शहरी वाहतूक निधीतला एक छोटा हिस्सा फक्त २ लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरी भागांसाठी राखलेला असतो. २०२१ च्या कायद्यानं हा हिस्सा ३ टक्के केला.

हे पैसे मिळवण्यासाठी सहा गोष्टी मोजल्या जातात. बसनं धावलेलं अंतर दरडोई किती, बस धावलेले तास दरडोई किती, प्रवाशांच्या फेऱ्या दरडोई किती, प्रवाशांनी कापलेलं अंतर दरडोई किती, आणि बसच्या प्रत्येक मैलामागे व प्रत्येक तासामागे प्रवाशांनी किती मैल प्रवास केला. यांतल्या एका तरी बाबतीत छोट्या शहरानं २ लाख ते १० लाख लोकसंख्येच्या शहरांच्या सरासरीची बरोबरी केली, तर ते पात्र ठरतं. जितके निकष जास्त पूर्ण, तितके पैसे जास्त.

यातले पहिले दोन निकष शहरानं सेवा किती दिली ते सांगतात, पुढचे दोन लोकांनी ती किती वापरली ते सांगतात, आणि शेवटचे दोन सेवा वाया गेली का ते सांगतात. नुसत्या रिकाम्या बस पळवून किंवा नुसत्या फेऱ्या कापून सगळ्या निकषांवर वर येता येत नाही. आणि यासाठी शहरांना आपली आकडेवारी दरवर्षी केंद्राच्या एका सार्वजनिक नोंदवहीत भरावी लागते. कोणीही ती बघू शकतं.

या पद्धतीत दोषही आहेत. विद्यापीठांची शहरं सहज पुढे जातात, कारण विद्यार्थी बस भरपूर वापरतात. आयोवा राज्यातलं एम्स हे साधारण ६५ हजार वस्तीचं शहर. कोरोनाच्या आधी तिथल्या बसमधून वर्षाला ६० लाखांहून जास्त प्रवास होत होते. ज्या गरीब शहरात सेवाच तुटपुंजी आहे ते मात्र मागे राहतं, म्हणजे ज्याला गरज जास्त त्याला पैसे कमी. म्हणूनच हा तिथं मूळ अनुदानावर मिळणारा वरचा पैसा आहे, मूळ अनुदान नाही.

जवळची उदाहरणंही आहेत. गुजरातमध्ये राज्य सरकार शहरी बसच्या तुटीचा काही भाग किलोमीटरच्या हिशोबानं उचलतं. कर्नाटकात बेळगाव आणि हुबळी-धारवाडच्या सिटी बस महापालिका नाही, तर राज्याचं परिवहन महामंडळ चालवतं. ११ जून २०२३ पासून तिथं 'शक्ती' योजनेत महिलांना सिटी बसमध्येही मोफत प्रवास आहे. प्रत्येक प्रवासाला शून्य रकमेचं तिकीट दिलं जातं, कारण त्या तिकिटांवरूनच राज्य महामंडळाला पैसे देतं. थकबाकीच्या तक्रारी तिथंही आहेत. पण किती महिलांनी प्रवास केला याची रोजची मोजणी त्यातून तयार झाली.

आपल्याकडे १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे आणि सवलतीची रक्कम राज्य एसटीला देतं. महापालिकेच्या सिटी बसला मात्र ही योजना लागू नाही. काही महापालिकांनी सवलत दिली आहे, पण स्वतःच्या खर्चानं. म्हणजे गावाहून शहरात एसटीनं आलेल्या बाईला तिथपर्यंत अर्धं तिकीट, आणि पुढे हॉस्पिटलपर्यंत सिटी बस धरली की बऱ्याच ठिकाणी पूर्ण.

मोजणीतल्या अडचणी

दरडोई मोजायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कोणाच्या दरडोई? कोल्हापूरचंच बघा. केएमटीच्या बस शहराच्या हद्दीबाहेरच्या गावांनाही जातात. त्या गावांतून रोज माणसं शहरात कामाला, शिकायला, दवाखान्यात येतात. पण तूट भरते ती शहराची महापालिका. हद्दवाढीच्या वादात हा मुद्दा दरवेळी निघतो. गावांना बस हवी, पण महापालिकेत यायचं नाही, असं शहरवाले म्हणतात. आमच्यामुळेच तुमच्या बाजारपेठा चालतात, असं गाववाले म्हणतात. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. बसचं क्षेत्र आणि तुटीचं क्षेत्र एक नसेल, तर कुठलाही आकडा कोणावर तरी अन्याय करणारच. पुण्यात पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० अशी वाटून घेतात. छोट्या शहरांभोवतीच्या गावांसाठी असं वाटप ठरवताना जिल्हा परिषद किंवा राज्य सरकारला मध्ये यावं लागेल.

दुसरी अडचण ठेकेदारी पद्धतीची. बस धावली की नाही हे जीपीएस सांगतं, पण आतल्या माणसांना पगार मिळाला की नाही हे सांगत नाही. नाशिकमध्ये ठेकेदाराकडून वेतन थकलं म्हणून सिटीलिंकच्या वाहकांनी एकापेक्षा जास्त वेळा काम बंद केलं आणि शहराची बस ठप्प झाली. त्यामुळे रद्द झालेल्या फेऱ्या आणि त्यांचं कारण, हाही मोजणीचा भाग असायला हवा.

तिसरी अडचण जुनीच आहे. तिकीट मशिनमध्ये सगळी माहिती असते. कोणत्या थांब्यावर किती चढले, कोणती फेरी रिकामी गेली, सगळं. पण ती माहिती महापालिकेच्या संकेतस्थळावर क्वचितच दिसते. लोकांसमोर येतो तो वर्षाअखेरीचा एकच आकडा, तोटा.

मग आपण काय विचारायचं?

अमेरिकेची योजना जशीच्या तशी उचलून उपयोग नाही. पण राज्य सरकारला एक गोष्ट करता येईल. केंद्राचे किलोमीटरचे पैसे मिळत राहू देत. त्यावर राज्यानं शहरांना थोडं अनुदान द्यावं, आणि ते दरडोई प्रवास किती झाले आणि फेऱ्या किती वेळेवर धावल्या यावर ठरवावं. जे शहर मागे आहे त्याची तुलना पुण्याशी न करता त्याच्याच मागच्या वर्षाशी करावी. म्हणजे गरीब शहरालाही वर चढायला कारण मिळेल. केंद्राची मदत १० वर्षांनी थांबेल. तोपर्यंत शहरांना बस चालवण्याची आणि मोजण्याची सवय लागली नसेल, तर या इलेक्ट्रिक बसही जेएनएनयूआरएमच्या बसच्या शेजारी उभ्या राहतील.

आणि तोपर्यंत? गेली काही वर्षं अनेक महापालिकांवर प्रशासक होते आणि प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. पुढच्या वेळी बजेट येईल आणि 'बस तोट्यात' अशी बातमी वाचाल, तेव्हा आपल्या नगरसेवकाला किंवा परिवहन विभागाला हे पाच आकडे मागा. माहिती अधिकारातही मागता येतात.

१. वर्षभरात सिटी बसमधून एकूण किती प्रवास झाले आणि मागच्या वर्षी किती झाले होते?
२. ठरलेल्या फेऱ्यांपैकी किती फेऱ्या धावल्या आणि किती रद्द झाल्या?
३. ताफ्यातल्या किती बस रोज प्रत्यक्ष रस्त्यावर असतात?
४. प्रत्येक मार्गावर पहिली आणि शेवटची बस किती वाजता आहे?
५. एका प्रवासामागे महापालिकेनं किती रुपये घातले?

पाचवा आकडा सगळ्यात उपयोगी. तूट १० कोटी आहे असं ऐकलं की ती डोक्यावरचा बोजा वाटते. पण त्या १० कोटींत वर्षाला १ कोटी प्रवास झाले असतील, तर महापालिकेनं प्रत्येक प्रवासाला १० रुपये घातले. १० रुपयांत एक मुलगी कॉलेजला पोहोचली, एक कामगार एमआयडीसीत पोहोचला. हे महाग आहे की स्वस्त, यावर मग खुशाल वाद घाला.

आणि चौथा आकडा मिळाला की आम्हालाही कळवा. तुमच्या शहरात शेवटची सिटी बस किती वाजता सुटते?